तंबू भाड्यानं घ्यायचाय? इंदूरमध्ये असाल तर आधी या दुकानात जा (पाचपैकी पाच, तक्रारी धरून)

हा रिव्ह्यू लांब होणार आहे, आधीच सांगते. या दुकानाच्या रिव्ह्यूंमध्ये लोक "सामान चांगलं, काका चांगले" एवढं टाकून मोकळे होतात आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. ज्यांना मुलाबाळांना घेऊन चोरल, जानापाव, मांडू, हनुवंतिया असं कुठंतरी एक रात्र बाहेर काढायचीय आणि घरात साधी ताडपत्रीसुद्धा नाही, त्यांच्यासाठी मी सगळं नीट लिहितेय.

दुकान म्हणजे रामबागेकडच्या गल्लीत एका जुन्या वाड्याचा तळमजला. मागे फरशीचं अंगण आहे, तिथं दोऱ्यांवर कायम दोन-तीन तंबू वाळत असतात. काका सामान देतात-घेतात, काकू शिलाई मशीनवर बसतात. मराठी, हिंदी, समोरचा बोलेल ते. बोर्ड लहान आहे, पटकन दिसत नाही, गल्लीत कोणालाही "तंबूवाले काका" विचारा, सांगतील.

आता मुख्य गोष्ट. इथं तुम्ही स्वतःच्या हातानं अंगणात तंबू उभा करून दाखवल्याशिवाय तो बाहेर जात नाही. घाई असो, ओळख असो, आधी नेलेला असो, नियम म्हणजे नियम. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं कशाला एवढं, गाडीत टाका ना, पण त्या वीस मिनिटांत जे कळतं ते कुठल्याच व्हिडिओत कळत नाही. काका आधी खुंट्यांची पिशवी पायरीवर ओततात आणि आपल्याकडून मोजून घेतात, मग पोल उघडायला लावतात. पोलच्या आत इलास्टिकची दोरी असते, ती झटका देऊन उघडायची नाही, एकेक सांधा हातानं बसवायचा, नाहीतर फायबरच्या कडा एकमेकींवर आपटून चिरतात आणि मग तीच बारीक कूस हातात घुसते. पोल कापडाच्या नळीतून सरकवताना नेहमी ढकलायचा, दुसऱ्या टोकानं ओढायचा नाही. ओढला की सांधे आतल्या आत सुटतात, फटीत कापड चिमटतं आणि जोर लावला की फाटतं. माझा मोठा मुलगा ओढायलाच निघाला होता, काकांनी नुसता त्याच्या हातावर हात ठेवला आणि मागून ढकलून दाखवलं. आता तो घरात सगळ्यांना शिकवतो. पोल काढताना घडी मधल्या सांध्यापासून सुरू करायची म्हणजे दोरीला दोन्हीकडं सारखा ताण बसतो, हेही तिथंच कळलं. असल्या बारीकसारीक गोष्टींवरच तंबूचं आयुष्य ठरतं.

त्यांचे तंबू दोन थरांचे आहेत, आत जाळी आणि पातळ कापडाची खोली, वरून पाणी अडवणारी फ्लाय. माझ्या जाऊबाईंनी तिथंच विचारलं की मागे दुसरीकडून आणलेल्या तंबूत पाऊस नसताना सकाळी आत पाणी कसं काय आलं होतं. काका म्हणाले, ताई, ते तुमच्याच श्वासाचं. चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, बाहेर थंडी, ती वाफ गार कापडाला लागून पाणी होते. म्हणून दोन थरांमध्ये हाताचा पंजा जाईल एवढी फट राहायला हवी आणि वरच्या खिडक्या थंडीतही थोड्या उघड्या ठेवायच्या. थंडी वाजेल म्हणून सगळं गच्च बंद केलं तर पहाटे पांघरुणं ओली होतात आणि मग खरी थंडी वाजते. फ्लायच्या लेबलवर २००० लिहिलेलं असतं ते काय तेही दाखवलं, म्हणजे त्या कापडावर २००० मिलीमीटर, दोन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत झिरपत नाही. खालच्या तळाला हा आकडा जास्त हवा कारण आपण त्यावर बसतो, गुडघा टेकतो, तेवढ्या जागेवर दाब वाढतो. एवढं समजावणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही.

भाडं. तीन माणसांचा तंबू एका रात्रीला साडेतीनशे, मोठा सहा माणसांचा सहाशे, मॅट आणि स्लीपिंग बॅग वेगळे, डिपॉझिट दोन हजार, सामान बघून लगेच परत. मी गेले तेव्हाचे दर आहेत हे, बदलले असतील तर फोन करून विचारा. नेटवर स्वस्तात तंबू विकत मिळतात हे मलाही माहीत आहे, पण वर्षातून एक-दोनदाच जाणार असाल तर विकत घेऊन माळ्यावर टाकण्यापेक्षा भाडं परवडतं, कारण खरा खर्च विकत घेण्याचा नाहीच, सांभाळण्याचा आहे.

सांभाळण्याचं एक उदाहरण मी तिथंच डोळ्यांनी पाहिलं. कोणीतरी स्वतःचा चांगला महागाचा तंबू दुरुस्तीला आणला होता. पावसाळ्यात वापरून ओलाच गुंडाळला, माळ्यावर टाकला आणि थेट पुढच्या थंडीत काढला. काकूंनी तो टेबलावर उघडायला घेतला तर कापडाचे पदर एकमेकांना चिकटलेले, सोडवताना चर्र आवाज, आतल्या बाजूला हात लावला की बोटाला चिकट लागायचं आणि वास असा आंबूस की मला मागं सरकावं लागलं. काकूंनी नखानं जरा खरवडलं तर आतला पापुद्रा सालपटासारखा निघून आला. तो पापुद्राच पाणी अडवतो, पॉलियुरेथेनचा असतो, आणि ओल आणि उष्णता दोन्ही एकत्र मिळाले की त्याचं विघटन होतं. आपले माळे उन्हाळ्यात कसे तापतात माहीतच आहे. काकूंनी स्पष्ट सांगितलं की याला आता काही होणार नाही, पैसे घेऊन वरवर काहीतरी करून देणार नाही, सांगाडा आणि जाळी वापरा, फ्लाय नवीन घ्या. तो माणूस जरा खट्टू झाला पण मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. दुसरा कोणी असता तर स्प्रे मारून हजार रुपये घेतले असते.

म्हणून इथला परत करायचा नियम कडक आहे आणि तो असायलाच हवा. तंबू कोरडा आणा. कोरडा म्हणजे हाताला कोरडा नाही, शिवणी आणि कोपरेसुद्धा कोरडे, कारण ओल तिथंच बसते आणि एक-दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके यायला लागतात, ते मग जात नाहीत. सकाळी दवानं भिजलेला असेल आणि निघायची घाई असेल तर तसाच गाडीत टाका पण घरी पोचल्यावर पहिलं काम तेच. आम्ही सुदामा नगरात फ्लॅटमध्ये राहतो, गॅलरी एवढीशी, तर मी फ्लाय गॅलरीच्या दोरीवर आणि आतली खोली डायनिंगच्या खुर्च्यांवर पसरून पंखा लावते, रात्रभरात वाळतं. दुपारच्या कडक उन्हात गच्चीवर दिवसभर टाकून ठेवायचं नाही, उन्हानं कापड कमजोर होतं, रंगही उडतो. कँपवर असतानासुद्धा झाडाच्या सावलीत तंबू लावा हे त्यासाठीच. आणि ज्यांच्याकडं वाळवायला जागाच नाही त्यांच्यासाठी काकांची सोय आहे, ओला तंबू त्याच दिवशी आणून द्या, शंभर रुपये घेऊन ते अंगणात वाळवतात. फक्त ओला आहे हे लपवायचं नाही. ही शंभर रुपयांची सोय मला फारच शहाणपणाची वाटली, दंड ठेवला असता तर लोकांनी ओला तंबू कोरडा म्हणून दिला असता.

धुण्याबद्दल पण सांगते कारण माझ्या नणंदेनं स्वतःचा तंबू वॉशिंग मशीनमध्ये टाकायचा विचार बोलून दाखवला होता. मशीन नाही, कपड्यांची पावडर नाही, गरम पाणी नाही, इस्त्री तर नाहीच. साधं पाणी, स्पंज, फारच मळलं असेल तर सौम्य साबणाचे दोन थेंब, उभा करून पुसायचा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी मारायचं. पक्ष्याची घाण लगेच पुसायची. भरताना काका दर वेळी त्याच रेषेवर घडी घालू देत नाहीत, सारखी तीच घडी पडली की तिथं पापुद्र्याला चिरा जातात, म्हणून ते सरळ पिशवीत कोंबायला सांगतात, कोपऱ्यापासून सुरू करून. मला आधी ते बघवत नव्हतं, साड्यांच्या घड्या घालायची सवय असलेल्या बाईला कोंबणं जमत नाही, पण कारण कळल्यावर पटलं.

चेन. तंबूचं सगळ्यात आधी काय बिघडत असेल तर चेन. धूळ दातांत बसते आणि रनर आतून झिजतो, मग चेन लागते पण मागून उघडत जाते. काकू परत आलेल्या प्रत्येक तंबूची चेन जुन्या टूथब्रशनं झाडतात, मग मेणबत्ती फिरवतात. रनर सैल झाला असेल तर पक्कडीनं दोन्ही बाजूंनी अगदी हलकं दाबतात, एवढ्यानं बरेचदा काम होतं, नाहीतर रनर बदलतात, पन्नास-साठ रुपयांत. मी आमच्या जुन्या ट्रेकिंग बॅगची चेन पण तिथंच करून घेतली, बाहेर एक जण म्हणाला होता अख्खी चेन बदलावी लागेल. जाळीला भोक पडलं तर आतून-बाहेरून गोल ठिगळ लावतात, गोल कारण चौकोनी ठिगळाचे कोपरे उचकटतात. मोडलेल्या पोलवर धातूची छोटी नळी सरकवून दोन्ही टोकांना टेप मारतात. तशीच एक नळी आणि जरा टेप ते प्रत्येक तंबूबरोबर पिशवीत देतातच, वेगळे पैसे नाहीत. इतर ठिकाणी सुटी खुंटी मागितली तरी तोंड वाकडं करतात.

स्लीपिंग बॅगबद्दल मात्र माझी तक्रार आहे. आपल्या शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रीचं, कौतुक सगळे करतात पण डिसेंबर-जानेवारीत उघड्यावर ती रात्र काय असते ते झोपून बघा. शहरातच पारा दहाच्या खाली जातो, तलावाच्या काठाला नाहीतर जानापावच्या वर, ८५४ मीटरवर, वारा असला की त्याहून जास्त बोचतं. इथल्या बॅगांवर मोठ्या अक्षरात ५ डिग्री लिहिलंय, पण तो लिमिटचा आकडा आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणं लेबलवर दोन-तीन आकडे असतात, कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. कम्फर्टचा आकडा साधारण बाईच्या शरीराच्या हिशोबानं काढतात, लिमिट पुरुषाच्या. म्हणजे बायकांनी कम्फर्टच बघायचा, आणि एक्स्ट्रीम कोणीच बघायचा नाही, तो फक्त जीव वाचण्यापुरता. काकांना हे माहीत आहे, विचारलं तर सांगतात, पण न विचारता सांगायला हवं आणि बॅगेवर कम्फर्टचा आकडा मोठा करून चिकटवायला हवा. मी त्यांना तोंडावर सांगितलंय, म्हणाले करतो. अजून केलेलं नाही.

बाकी बॅगा स्वच्छ असतात, वास नाही, कारण प्रत्येक बॅगेत सुती अस्तर वेगळं घालून देतात आणि फक्त अस्तर धुतात. बॅग सारखी धुतली की आतलं भरण गोळा होतं. आणि दुकानात त्या आवळून ठेवलेल्या नसतात, मोठ्या मच्छरदाणीच्या झोळ्यांत सैल टांगलेल्या असतात. ज्यांच्याकडं स्वतःच्या आहेत त्यांनी पण हे करा, छोट्या पिशवीत दाबून वर्षभर कपाटात ठेवली की फुगायचीच बंद होते, आणि फुगली नाही तर ऊब कुठली, ऊब त्यात अडकलेल्या हवेचीच असते. याच कारणानं अंगाखाली दबलेला भाग गरम राहत नाही, तिथं मॅट लागते. जमीन अंगातली ऊब ओढून घेते. फोमची मॅट साठ रुपये भाड्यानं मिळते, ती वाचवायच्या भानगडीत पडू नका, जाड रजई नेऊन खाली नुसती ताडपत्री टाकणाऱ्यांपेक्षा पातळ बॅग आणि चांगली मॅटवाला सुखानं झोपतो.

तळाखाली टाकायची ताडपत्री तंबूपेक्षा थोडी लहान देतात. बऱ्याच जणांना वाटतं मोठी हवी. बाहेर आलेल्या कडेवर पाऊस पडला की पाणी ताडपत्री आणि तंबूच्या मध्ये येऊन बसतं आणि सगळे ओले. लहानच बरोबर आहे, भांडू नका.

खुंट्यांबद्दल काकांचं खास प्रेम आहे आणि ते रास्त आहे. बहुतेक तंबूंबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या आपल्या काळ्या मातीत काही कामाच्या नाहीत. पाऊस पडल्यावर ती माती लोण्यासारखी होते, खुंटी बोटानं निघते, आणि उन्हाळ्यात भेगा पडून दगड होते, खुंटी वाकते. त्यांनी इंग्रजी व्ही आकाराच्या जाड ॲल्युमिनियमच्या खुंट्या ठेवल्यात, त्या तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेल्या, अर्ध्या काटकोनात ठोकायच्या. जिथं खाली खडकच लागतो, मांडूकडं बऱ्याच ठिकाणी लागतो, तिथं दोरी मोठ्या दगडाला बांधायची, त्याची गाठ पण अंगणात शिकवतात. रात्री दोऱ्यांत पाय अडकून मुलं पडतात म्हणून दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधून दिलेल्या असतात. छोटी गोष्ट, पण कोणीतरी विचार केलाय हे दिसतं.

सामान देताना कुठं चाललात हे विचारतातच, आणि विचारणं चौकशीखातर नाही. पावसाळ्यात धबधब्याच्या पात्रात, नाल्याच्या काठाला किंवा कोरड्या दिसणाऱ्या ओढ्यात राहणार असं कोणी म्हटलं तर तंबू देत नाहीत. माझ्यासमोर कॉलेजच्या पोरांना नाही म्हणाले. पोरं म्हणत होती, भिया इधर तो पानी ही नहीं है. पण पाऊस आपल्या डोक्यावर पडावा लागत नाही, वर लांब कुठंतरी पडला तरी खाली लोंढा मिनिटांत येतो. महूजवळच्या पाताळपाणी धबधब्याला २०११ च्या जुलैत काय झालं ते इंदूरमध्ये विसरलेलं कोणी नाही, एक अख्खं कुटुंब पाण्यात अडकलं आणि काठावरची माणसं बघत राहिली. धंदा सोडून नाही म्हणणाऱ्या माणसाला माझे पाच स्टार इथंच पडले. जंगलाच्या हद्दीत वनविभागाची परवानगी लागते हेही आठवण करून देतात, आणि पहिल्यांदाच मुलांना नेत असाल तर चोरलला रिसॉर्टच्या आवारात किंवा ओळखीच्या शेतात राहा म्हणतात. मलाही ते पटतं, पहिल्या रात्री मुलांना बाथरूम जवळ असलं की अर्धं भांडण संपतं.

सामानाबरोबर एक कागद मिळतो, काय-काय न्यायचं त्याचा, मराठीत एका बाजूला हिंदीत दुसऱ्या. चांगला आहे पण माझ्या मते त्यात दोन गोष्टी कमी आहेत. एक म्हणजे पाठीवरची बॅग भरायची कशी ते नाही, तर ते मी इथं लिहिते. रात्रीच लागणारं, म्हणजे स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे, अगदी तळाला. जड सामान, तांदूळ, पाणी, गॅसचा डबा, मध्ये आणि पाठीला चिकटून, नाहीतर बॅग मागं ओढते आणि खांदे जातात. वर रेनकोट, टॉर्च, औषधं, खाऊ. आणि बॅगेच्या आत आधी मोठी जाड कचऱ्याची पिशवी पसरून मग त्यात सगळं भरा, बाहेरून कितीही पाऊस लागू दे, आतलं कोरडं राहतं. झोपायचे मोजे आणि बनियन वेगळ्या पिशवीत, काही झालं तरी दिवसा घालायचे नाहीत.

दुसरं खाणं. कागदावर नूडल्स आणि ब्रेड लिहिलंय, अहो आपण मराठी माणसं, दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, सेव, दोन दिवस न बिघडणारं इतकं आहे आपल्याकडं! पोहे तर कोरडेच नेता येतात, सकाळी नुसते भिजवून फोडणी, वर सेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), जीरावनची पुडी विसरू नका. दाल-बाफले (वरणाबरोबर खायचे कणकेचे गोळे) करायचे मनात असेल तर बाफले घरूनच उकडून न्या, तिकडं फक्त गोवऱ्यांवर भाजायचे, पण चूल पेटवायला परवानगी आहे का आधी विचारा आणि तंबूपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. एक ठिणगी उडून फ्लायवर पडली की वितळून भोक.

गॅसची छोटी शेगडी इथं मिळते, लांबट डब्यावर चालणारी. डबे ब्युटेनचे, ब्युटेन शून्याच्या आसपास गॅस व्हायचं बंद होतं पण आपल्याकडं तेवढी थंडी पडत नाही, त्यामुळं चालतं. हिमाचलला जाणाऱ्यांनी मात्र हे डबे घेऊ नका, आणि तसंही रेल्वेत आणि विमानात गॅसचा डबा नेता येत नाही. तंबूच्या आत शेगडी कधीच नाही, पाऊस असला तरी नाही, कोळशाची शेगडी ऊबेसाठी तर अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. काका हे प्रत्येकाकडून वदवून घेतात, मोठ्या माणसांकडूनसुद्धा, आणि त्यांच्या आवाजात तेव्हा गंमत नसते.

आता राहिलेल्या तक्रारी. डोक्याला लावायचे टॉर्च जुने झालेत, एकाचा पट्टा सैल होता, दुसऱ्यात सेल गळून आत हिरवट पांढरं जमलं होतं. बाकी सगळ्या सामानाची इतकी काळजी घेणाऱ्या दुकानात परत आलेल्या टॉर्चमधले सेल काढून ठेवायचं राहून जातं हे मला समजत नाही. टॉर्च घरचा न्या. शुक्रवारी संध्याकाळी जाऊ नका, अंगण एक आणि तंबू लावून बघणारे पाच कुटुंबं, तास-दीड तास सहज जातो, बुधवार-गुरुवारी जा. गल्लीत चारचाकी जात नाही, गाडी मोठ्या रस्त्यावर लावून सामान उचलून न्यावं लागतं, मोठा तंबू घेणार असाल तर घरातला एक धट्टाकट्टा माणूस बरोबर हवा. लहान मुलांच्या मापाच्या पाठीवरच्या बॅगा नाहीत. फोन दुपारी दोन ते चार उचलत नाहीत.

कचऱ्याच्या दोन पिशव्या प्रत्येक सेटबरोबर येतात, ओला आणि सुका वेगळा, आणि परत येताना त्या भरलेल्या दिसाव्यात असा काकूंचा आग्रह. २०१७ पासून आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतंय आणि शहरातलीच माणसं चोरलच्या काठावर प्लेट्स टाकून येतात, हे काकूंना सहन होत नाही, मलाही नाही. आमच्या मुलांनी शेजारच्या लोकांनी टाकलेल्या बाटल्यापण उचलून आणल्या तर काकूंनी दोघांना खुंटी ठोकायची छोटी लाकडी हातोडी दाखवून, पुढच्या वेळी ही तुमची, असं सांगितलं. तेव्हापासून पुढची वेळ कधी हे रोज विचारतायत.

दिवाळीच्या सुट्टीत आणि २६ जानेवारीच्या आसपास जायचं असेल तर तीन आठवडे आधी नाव लिहून या, फोनवर लिहीत नाहीत, समोर जाऊन शंभर रुपये द्यावे लागतात. यूपीआय चालतं. ओळखपत्राची झेरॉक्स न्या, मूळ कोणाकडं ठेवून घेत नाहीत. आणि काका, हे वाचत असाल तर बॅगांवर कम्फर्टचा आकडा आणि टॉर्चचे सेल, एवढं दोन बघा.